बांध अमेरिकेतही कोरतात

गेल्या अंकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराच्या थंडीबद्दल लिहिता लिहिता मी एक वाक्य सहज टाकून दिलं होतं, की ओहायोवाल्यांना मिशिगनवाले डोळ्यासमोर नको असतात, आणि त्या एका वाक्यावर एवढे मेसेज आले की थंडी राहिली बाजूला. म्हणून यावेळी सगळं पान शेजारी राज्यांचंच. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी मोजणी खात्यात 31 वर्षं काढली, निफाड, सिन्नर, चांदवड, येवला, सगळीकडचे बांध या पायांनी तुडवलेत, आणि लेक-जावई ओहायोत असल्यामुळे तिकडे तीन वाऱ्या झाल्या. तेव्हा माझं ज्ञान निम्मं बांधावरचं आणि निम्मं लेकीच्या सोफ्यावर बसून वाचलेलं, तेवढं धरून चाला.

काका, माझी मुलगी ऑगस्टमध्ये कोलंबसला एमएस करायला गेली. रूममेट मिशिगनची आहे, स्वभावाने छान आहे म्हणते. पण मुलगी सांगते की वर्गात सगळे 'अरेरे, मिशिगनची का' असं म्हणतात. हे आपल्याकडच्या जातीपातीसारखं काही असतं का? रूम बदलायला सांगू का?
— एक आई, गंगापूर रोड

ताई, रूम अजिबात बदलायला सांगू नका. जातीपातीसारखं यात काही नाही, हे भावकीसारखं आहे. एकमेकांना नावं ठेवतील पण लग्नाला येतील, आणि पंगतीत शेजारी बसून परत नावं ठेवतील.

माझाच किस्सा सांगतो. पहिल्या वारीत मला कानटोपी हवी होती, जावई म्हणाला नवीन कशाला, जुन्या वस्तूंच्या दुकानात बघू, तिथे दोन डॉलरला एक झकास गडद निळी टोपी मिळाली, पुढे मोठा पिवळा एम. माझं आडनावही म वरून, म्हटलं देवानेच पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तर समोरच्या घरातले आजोबा, जे रोज हात हलवून गुड मॉर्निंग म्हणायचे, ते जागेवर थांबले, टोपीकडे बघितलं, काही न बोलता घरात गेले आणि एक लाल-करडी टोपी आणून माझ्या हातात ठेवली. मी थँक्यू म्हटलं तरी हलेनात. टोपी बदलली तेव्हा कुठे हसले. घरी येऊन जावयाला सांगितलं तर तो हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. निळा-पिवळा म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटी, लाल-करडा म्हणजे ओहायो स्टेट, हे मला माहीतच नव्हतं.

या दोघांची फुटबॉल मॅच (त्यांचा फुटबॉल, हातात धरून पळायचा) 1897 पासून आहे, आणि ती नोव्हेंबरच्या शेवटी असते. त्या आठवड्यात ओहायोच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या प्रत्येक एमवर लाल टेपची फुली मारतात. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, मी थांबून थांबून बघितलंय, मेडिकलचा पहिला एम गेलेला, म्युझिकचा गेलेला, रूमचा शेवटचा पण गेलेला, आणि आपण वाचताना अडखळत बसायचं. वुडी हेस म्हणून त्यांचा मोठा कोच होता, 1951 ते 1978, तो म्हणे मिशिगनचं नाव तोंडातून काढायचा नाही, 'ते वरचं राज्य' म्हणायचा. आपल्याकडे आज्या आजोबांचं नाव घ्यायच्या नाहीत तसं, फक्त कारण उलटं.

मूळ शोधायला गेलात तर मात्र मोजणीत सापडतं, आणि इथे मला बोलू द्या कारण हा माझा प्रांत. 1787 च्या कायद्यात या दोघांमधली शिव अशी लिहिली होती की मिशिगन तळ्याचं दक्षिणेचं टोक धरा आणि तिथून सरळ पूर्वेला रेघ मारा. पण तेव्हाच्या नकाशात ते टोक प्रत्यक्षापेक्षा बरंच वर दाखवलेलं. झालं, ओहायोने आपल्या सोयीची मोजणी करून घेतली, मिशिगनने आपल्या सोयीची, दोन मोजणीदार, दोन रेघा, आणि मधे टोलेडो गावासकट 468 चौरस मैलांचा पट्टा. निफाडात दीड गुंठ्यावरून डोकी फुटलेली मी बघितली आहेत, इथे तर बंदर होतं. 1835 मध्ये दोन्हीकडून सैन्य निघालं, चिखलात फिरलं, आणि सगळ्या युद्धात रक्त किती सांडलं तर मिशिगनच्या एका पोलिसाला ओहायोच्या एका पोराने पेन तासायच्या चाकूने भोसकलं, तोही वाचला. त्या पोराचं नाव 'टू'. खरंच, बापाने मोठ्याचं नाव वन आणि धाकट्याचं टू ठेवलेलं.

शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला भरपाई म्हणून वर बर्फातला एक मोठा द्वीपकल्पाचा तुकडा दिला, 1837 मध्ये त्यांना राज्याचा दर्जा मिळाला. तेव्हा मिशिगनवाले रडले, की पड जमीन गळ्यात मारली. आणि मग त्या पडीतून तांबं आणि लोखंड निघालं, अमाप. मिशिगनवाले आजही सांगतात की युद्ध आम्हीच जिंकलो, आणि ओहायोवाले म्हणतात टोलेडो कुणाकडे आहे ते बघा. मुलीला म्हणावं, रूममेटला टोलेडो विचार, अख्खी संध्याकाळ निघेल.

मुलगा न्यूयॉर्कला असतो असं आम्ही सगळ्यांना सांगतो, पण कुरिअर पाठवताना पत्ता न्यू जर्सीचा निघतो. नातेवाईक हसतात. हे काय प्रकरण आहे?
— इंदिरानगर

प्रकरण काही नाही, बदलापूरला राहून मुंबईला असतो म्हणण्यातलं आहे. घरभाडं परवडत नाही म्हणून नदीच्या या काठाला राहायचं आणि बोगद्यातून पलीकडे नोकरीला जायचं. न्यूयॉर्कवाले अशांना 'पूल आणि बोगदावाले' म्हणतात, कौतुकाने नाही. गंमत अशी की न्यूयॉर्कचं नाव लावणाऱ्या फुटबॉलच्या दोन्ही मोठ्या टीम, जायंट्स आणि जेट्स, खेळतात न्यू जर्सीतच.

एलिस आयलंडचं ऐका. बाहेरून आलेले लाखो लोक ज्या बेटावर उतरले ते बेट मूळचं तीनेक एकर, बाकी सगळं भराव टाकून वाढवलेलं, वाढत वाढत साडेसत्तावीस एकर झालं. न्यूयॉर्क म्हणायचं सगळं आमचं. न्यू जर्सी कोर्टात गेलं आणि 1998 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मूळ बेट न्यूयॉर्कचं, भराव न्यू जर्सीचा. म्हणजे बहुतेक सगळंच. हे वाचून मला माझ्या खात्याचा अभिमान वाटला, आमच्याकडे असे निकाल तलाठी कट्ट्यावर देतो.

नातेवाईकांना सांगा, न्यू जर्सीत अजून गाडीवाल्याने स्वतः पेट्रोल भरायचं नाही असा कायदा आहे, 1949 पासून, पंपावर माणूस येऊन भरतो, आपल्यासारखं. न्यूयॉर्कवाला स्वतः खाली उतरतो थंडीत.

दरवर्षी आमच्या गोडी छाटणीच्या टायमाला गंगापूर, दारणा, पालखेडच्या पाण्यावर डोळा असतो, जायकवाडीला सोडा म्हणून. अमेरिकेत एवढ्या नद्या आहेत, तिथे शेजारी शेजारी पाण्यावरून भांडत नसतील, बरोबर ना?
— एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

भाऊ, भांडतात, आणि आपल्यापेक्षा वाईट. आपण कोर्टात जातो, रास्ता रोको करतो. त्यांनी सैन्य नेलं.

1934 ची गोष्ट. कोलोरॅडो नदी, अलीकडे ॲरिझोना, पलीकडे कॅलिफोर्निया, मधे पार्कर धरणाचं काम सुरू झालेलं, पाणी जाणार लॉस एंजेलिसकडच्या शहरांना. ॲरिझोनाचे गव्हर्नर बेंजामिन मोअर, पेशाने डॉक्टर, ते म्हणाले आमच्या काठाला हात लावायचा नाही, आणि नॅशनल गार्डचे जवान मशीनगनसकट नदीकाठी बसवले. नदीत फिरायला नावा नाहीत म्हणून फेरीच्या जुन्या बोटी घेतल्या, पेपरवाल्यांनी लगेच त्याचं 'ॲरिझोनाचं आरमार' केलं. त्या बोटी धरणाच्या तारेत अडकल्या आणि त्यांना सोडवायला आले कोण, तर पलीकडचे कॅलिफोर्नियावाले! तरी सांगतो, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टात ॲरिझोनाच जिंकलं, कारण धरणाला रीतसर मंजुरीच नव्हती. मग संसदेने मंजुरी दिली आणि धरण झालंच. हा शेवट तुम्हाला ओळखीचा वाटेल.

आता आकडे, तुमच्या भाषेत. ते पाणी एकर-फुटात मोजतात, म्हणजे एका एकरावर एक फूट पाणी उभं राहिलं तर जेवढं तेवढं. दहा लाख एकर-फूट म्हणजे साधारण 43.5 टीएमसी. 1922 मध्ये सात राज्यांनी करार केला, वरच्यांना 75 लाख आणि खालच्यांना 75 लाख एकर-फूट, म्हणजे सव्वातीनशे टीएमसी इकडे आणि तेवढंच तिकडे. खालच्यातलं कॅलिफोर्नियाला 44 लाख, ॲरिझोनाला 28 लाख, नेवाडाला फक्त 3 लाख. ॲरिझोनाचा वाटा धरला तर 122 टीएमसी, आपलं जायकवाडी काठोकाठ भरलं तर 102 च्या आसपास, बघा म्हणजे अंदाज येईल. गोम अशी की करार केला तेव्हा हिशोबाला धरलेली वर्षं नेमकी भरपूर पावसाची होती, त्यामुळे कागदावर जेवढं वाटलं तेवढं नदीत नसतंच. ॲरिझोनाने तर त्या कराराला 1944 पर्यंत मान्यता दिली नाही, मग 1952 मध्ये कॅलिफोर्नियाला कोर्टात खेचलं, निकाल 1963 ला, आमच्या वहिवाटीच्या केससारखं.

आणि खरी चिडीची गोष्ट पुढे आहे. ॲरिझोनाला आपला कालवा हवा होता, त्याला संसदेत मतं हवी होती, कॅलिफोर्नियाची पण. कॅलिफोर्निया म्हणालं घ्या, पण पाणी कमी पडलं तर आधी तुमच्या कालव्याचं कापायचं, मग आमचं. 1968 मध्ये तसा कायदा झाला. 2022 मध्ये नदी आटली तेव्हा ॲरिझोनाचं 18 टक्के पाणी कापलं, त्यात शेतकरीच भरडले गेले, आणि कॅलिफोर्नियाचं कापलं शून्य. आता ॲरिझोनाचा शेतकरी कॅलिफोर्नियाच्या माणसाकडे कसा बघत असेल ते मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे निदान 2005 च्या कायद्याने समन्यायी वाटप म्हणून लिहिलंय, त्याखालच्या 2014 च्या आदेशाने 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून सोडायचं असं ठरलं, 2023 ला साडेआठ टीएमसीचा आदेश निघालाच. तुम्हाला तो जाचक वाटतो, मला माहितीये, माझा चुलतभाऊ पिंपळगावला बाग करतो, त्याच्यासमोर मी हा विषय काढत नाही. पण पैठणचा माणूस पण द्राक्षवाल्याबद्दल हेच म्हणत असेल जे ॲरिझोनावाला म्हणतो, आणि तो खालच्या अंगाला आहे एवढाच त्याचा गुन्हा.

जॉर्जिया आणि टेनेसीचं तर मोजणीदाराने केलेलं आहे, सांगायला लाज वाटते. शिव 35 अक्षांशावर असायची ठरलेली. 1818 मध्ये जो माणूस मोजायला पाठवला त्याला धड यंत्रं दिली नाहीत, आणि रेघ साधारण एक मैल दक्षिणेला पडली. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, डोंगर नि झाडी. पण त्या एका मैलामुळे जॉर्जिया टेनेसी नदीच्या काठापासून हुकलं. 2007 ला जॉर्जियात मोठा दुष्काळ पडला आणि कुणाला तरी ही 190 वर्षांपूर्वीची चूक आठवली, 2008 मध्ये विधिमंडळात ठराव, की शिव परत मोजा. त्यावर शेजारच्या चॅटनुगा शहराच्या महापौरांनी काय केलं असेल? पाण्याच्या बाटल्यांचा एक ट्रक भरून जॉर्जियाच्या आमदारांना पाठवून दिला, घ्या प्या म्हणून. शिव अजून तिथेच आहे.

मी सॅक्रामेंटोत चार वर्षं काढली, आता कंपनी पोर्टलंडला पाठवतेय. मित्र म्हणतात कॅलिफोर्नियाच्या नंबरप्लेटची गाडी घेऊन ओरेगॉनात जाऊ नको. सिरियस आहेत का मस्करी करतायत?
— सिडको (सध्या सुट्टीवर आलेलो)

मस्करी आहे पण प्लेट बदलून टाक बाबा, राहायला गेल्यावर तशीही बदलावीच लागते. ओरेगॉनचे एक गव्हर्नर होते टॉम मॅकॉल, त्यांनी 1971 मध्ये टीव्हीवर स्पष्ट सांगितलं होतं, की या, परत परत या, पण देवासाठी इथे राहायला येऊ नका. आपला कुठला पर्यटनमंत्री असं बोलेल! कारण साधं आहे, कॅलिफोर्नियात घर विकून आलेला माणूस इकडे रोकड देऊन घर घेतो आणि गल्लीतले सगळे भाव वाढवून ठेवतो. इगतपुरी-त्र्यंबककडे मुंबईवाल्यांनी प्लॉट घेतल्यावर गावातल्या पोराला गुंठा घ्यायला जमेना, ते आठव म्हणजे कळेल. टेक्सासमध्ये, आयडाहोत, हीच तक्रार, आणि सगळ्यांचा आरोपी एकच.

पण एक बघ, कॅलिफोर्नियावाल्याला विचारलं ओरेगॉनबद्दल काय मत, तर तो म्हणेल छान आहे, पाऊस पडतो. बस. त्याच्या डोक्यात ओरेगॉन नसतंच. मी हे तिकडे सगळीकडे बघितलं, लहान राज्याला मोठ्याबद्दल शंभर मतं आणि मोठ्याला लहान आठवत पण नाही, आणि खरी आग त्या न आठवण्याची असते. आपण पुण्यावर जेवढे जोक मारतो तेवढे पुणेकर नाशिकवर मारतात का? नाही. ते द्राक्षं छान असतात म्हणतात आणि विषय बदलतात. मिसळीबद्दल काही बोलले तर निदान भांडता येतं.

ओरेगॉनच्या आत पण शिव आहे बरं का. पोर्टलंड पश्चिमेला, आणि पूर्वेचा सगळा कोरडा, गुराढोरांचा भाग म्हणतो राजधानीत आमचं कोण ऐकतं, आम्हाला शेजारच्या आयडाहोत टाका. डझनभर काउंट्यांत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांत म्हणा, यावर मतदान झालंय, बाजूने. होणार काही नाही, दोन्ही राज्यांची विधिमंडळं आणि वर अमेरिकन संसद, सगळ्यांनी हो म्हणायला हवं. हे वाचताना मला 2022 आठवलं, आपल्या सुरगाणा तालुक्यातल्या गावांनी सांगितलं होतं की रस्ते, पाणी, दवाखाना देता येत नसेल तर आम्हाला गुजरातला जोडा. त्या भागात मी मोजणीला गेलेलो आहे, पलीकडचा डांबरी रस्ता शिवेपर्यंत गुळगुळीत येतो आणि मग आपल्या बाजूला जीपचे सगळे नट ढिले होतात. त्या माणसाला महाराष्ट्राचा अभिमान शिकवायला जाऊ नये.

गेल्या अंकात तुम्ही लिहिलंत की कॅन्सस सिटी कॅन्सस राज्यात आहे. आपल्यासारख्या मोजणीच्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती.
— एक निवृत्त भूगोल शिक्षक, देवळाली कॅम्प

सर, कान धरले. मोठं कॅन्सस सिटी मिझुरीत आहे, धाकटं त्याच नावाचं कॅन्ससमध्ये, आणि दोघांच्या मधे एक रस्ता जातो त्याचं नावच स्टेट लाइन रोड. समाधान एवढंच की माझ्या पंगतीत मोठा माणूस आहे, फेब्रुवारी 2020 मध्ये कॅन्सस सिटीची टीम सुपर बोल (त्यांच्या फुटबॉलची फायनल) जिंकली तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी टीमने कॅन्सस राज्याचं नाव राखलं असं ट्विट केलं होतं, टीम मिझुरीची. मग खोडलं.

पण या दोघांचं मी थट्टेवारी नेणार नाही कारण हे इथे टोपी आणि टेपचं राहत नाही. मिझुरीत गुलामगिरी कायदेशीर, आणि शेजारी नवीन होऊ घातलेलं कॅन्सस गुलामगिरीचं की मुक्त, हे तिथल्या लोकांनी मतदानाने ठरवायचं असं 1854 ला ठरलं. मग काय, मिझुरीतून टोळ्या मत टाकायला यायच्या, तिकडून पण हल्ले व्हायचे, सात वर्षं रक्तपात. 1861 ला कॅन्सस मुक्त राज्य झालं, यादवी युद्ध पेटलं, आणि 21 ऑगस्ट 1863 ला पहाटे क्वांट्रिल नावाचा माणूस मिझुरीकडून चारशेच्या आसपास घोडेस्वार घेऊन लॉरेन्स गावात शिरला, दीडशेच्या वर पुरुष आणि पोरं मारली, गाव जाळलं. त्या लॉरेन्समध्येच कॅन्सस युनिव्हर्सिटी आहे आणि मिझुरीविरुद्धच्या मॅचला कित्येक वर्षं 'बॉर्डर वॉर' म्हणायचे, नाव पुढे जरा सौम्य केलं. माझ्या जावयाचा एक सहकारी लॉरेन्सचा, तो मिझुरीबद्दल विनोद करतो, आणि मधेच थांबतो.

अलीकडचं भांडण मात्र आपल्या ओळखीचं. कंपन्या त्या स्टेट लाइन रोडच्या अलीकडून पलीकडे जायच्या, पलीकडचं राज्य करात सूट द्यायचं, मग काही वर्षांनी परत अलीकडे. नोकऱ्या त्याच, माणसं तीच, फक्त पार्किंग बदललं. दोघांचे कोट्यवधी डॉलर गेल्यावर 2019 मध्ये दोन्ही राज्यांनी ठरवलं की एकमेकांच्या कंपन्या पळवायच्या नाहीत. आपल्याकडे उद्योग गुजरातला गेला की नुसता गोंधळ होतो, असला समझोता करायचं कुणाला सुचत नाही.

शनिवार-रविवार आमच्याकडे वायनरीच्या रस्त्याला जीजे पासिंगच्या गाड्यांची रांग असते. अमेरिकेत कुठे असं आहे का?
— गंगापूर गाव

भरपूर. युटा राज्यात लॉटरीसुद्धा नाही, राज्यघटनेतच जुगाराला बंदी. मग ते लोक आयडाहोच्या हद्दीत पहिल्या गावात जाऊन तिकिटं काढतात, आणि पश्चिमेला नेवाडाची शिव लागली की वेस्ट वेंडोव्हर, तिथे कॅसिनो अगदी रेघेला चिकटून, एक पाय युटात ठेवून दुसरा आत टाकावा असे. गावाचं घड्याळ पण युटाच्या वेळेवर लावलेलं, बाकी जवळजवळ सगळा नेवाडा एक तास मागे. धंदेवाईक लोक.

न्यू हॅम्पशायरचं जास्त भारी. तिथे सेल्स टॅक्सच नाही आणि दारूची दुकानं सरकारी, ती सरकारने हायवेलाच बांधलीत, शेजारच्या मॅसॅच्युसेट्सच्या गिऱ्हाइकाला वळायला त्रास नको. आणि त्याच गिऱ्हाइकाच्या ड्रायव्हिंगला शिव्या पण देतात, राज्याच्या नावातच शिवी मिसळून एक शब्द केलाय, तो 2015 मध्ये ऑक्सफर्ड डिक्शनरीत गेला. पैसे घ्यायचे आणि हॉर्न मारायचा. तुमच्या रस्त्यावर काय वेगळं चालतं?

सगळ्यात जास्त कोणत्या राज्याला हसतात?
— बीवायके कॉलेजचा एक विद्यार्थी

अलाबामावाले म्हणतात 'देवाची कृपा, मिसिसिपी आहे'. कारण शिक्षण, आरोग्य, उत्पन्न, कुठलीही यादी काढा, अलाबामा तळाशी दिसतं, पण त्याच्याखाली बऱ्याचदा मिसिसिपी असतं, म्हणून शेवटचा नंबर टळतो. माझ्या वर्गात एक होता, माझ्याहून कमी मार्क पडायचे त्याला, त्याला मी रोज डब्यातलं द्यायचो.

त्यांचे पुढारी पण यात पडतात का, की लोकांचंच चालतं?
— ओझर

पडतात की. नॉर्थ डाकोटा आणि साउथ डाकोटा एकाच दिवशी राज्यं झाली, 2 नोव्हेंबर 1889, तर राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी सहीआधी कागद झाकून खालीवर केले, आधी कोणतं झालं हे कुणालाच कळू नये म्हणून. शहाणा माणूस, घरात जुळी असतील तर असंच करावं.

आणि डुकराची गोष्ट तर पाहिजेच. 1934 च्या मॅचमध्ये मिनेसोटाच्या पोरांनी आयोवाच्या ऑझी सिमन्सला, जो काळा खेळाडू होता, एवढं तुडवलं की पुढच्या वर्षी आयोवाचे गव्हर्नर हेरिंग पेपरात बोलून गेले की पंचांनी बघितलं नाही तर पब्लिक बघून घेईल. वातावरण तापलं. तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ऑल्सन यांनी तार केली, की भांडू नका, पैज लावू, हरेल त्याने एक डुक्कर द्यायचं. आयोवा हरलं, 13–6. हेरिंग स्वतः एक जातिवंत डुक्कर घेऊन ऑल्सन यांच्या ऑफिसात गेले, गालिच्यावरून चालवत. डुकराचं नाव ठेवलं फ्लॉइड, म्हणजे जिंकणाऱ्या गव्हर्नरचंच, आणि ऑल्सन यांनी ते खपवून घेतलं. आयोवातल्या एका गृहस्थाने वर जुगाराची तक्रार पण केली. आता खऱ्या डुकराऐवजी ब्राँझचं आहे, 98 पौंडाचं, दरवर्षी जिंकणारी टीम ते खांद्यावर उचलून पळत मैदानाबाहेर नेते, आणि दुसरी उभी राहून बघते.